'म्हाळसा'ला जुळणारा इंग्रजी शब्द

९ जानेवारी २०११, संध्याकाळ
ही डायरी कंपनीने दिलेली, २००९ ची. तारखा बरोबर, वार चुकीचे. वारांकडे लक्ष द्यायचं नाही.
आज लेकीची पसंती झाली. मुलाकडचे गारखेड्याचे. व्याही काकासाहेब झेडपीच्या शाळेत इंग्रजीचे मास्तर होते, आता रिटायर. चहा-पोहे झाल्यावर बायकांनी त्यांना नाव घ्यायचा आग्रह केला. माणूस उठला आणि चक्क इंग्रजीत उखाणा घेतला: "टी इज हॉट, आइस्क्रीम इज कोल्ड, सारजा इज माय पीस ऑफ गोल्ड." टाळ्या. सारजाबाई पदर तोंडाला लावून हसल्या. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हणालो, साखरपुड्याला घेतो.
साखरपुडा १३ फेब्रुवारीला. मीही इंग्रजीतच घेणार. वाळूजला कंपनीच्या स्टोअर्समध्ये एकवीस वर्षं इंडेंट, म्हणजे मालाची मागणीपत्रं, इंग्रजीत लिहितोय. काकासाहेबांनी इंग्रजी शिकवलं, मी ते वापरलं. फरक आहे.

१० जानेवारी
सकाळी घरात विषय निघाला. ही म्हणाली, "इंग्रजीत घ्या न्हायतर मराठीत घ्या, पन घ्या. आपल्या लग्नात घेतलंच नाय तुमी. ट्रकात बसल्यावर घेतो म्हनले."
म्हणालो होतो. पण वऱ्हाडाच्या ट्रकचा आवाज फार होता.
"चोवीस वर्षं झाली. एकदा माझं नाव तुमच्या तोंडून ऐकायचंय, बास." रागावून म्हणाली असती तर उत्तर देता आलं असतं. ती तांदूळ निवडत म्हणाली. वाईट वाटलं.
आमच्यात नवरा बायकोला नावाने हाक मारत नाही. आमच्या आप्पांनी आईला आयुष्यभर "आगं ए" म्हटलं, मेंढरांनाही तेच. मी "आगं" म्हणतो, लेक झाल्यापासून "पोरीची माय" म्हणतो. काम अडलेलं नाही. लिहायला काही वाटत नाही. म्हाळसा. हे लिहिलं.

११ जानेवारी, कंपनीच्या बसमध्ये
काकासाहेबांच्या उखाण्यावर विचार केला. यमक कोल्ड आणि गोल्डचं. नाव मध्येच कुठेतरी घुसवलंय. ही पळवाट झाली. खऱ्या कवितेत नाव ओळीच्या शेवटी येणार आणि यमक नावालाच जुळणार. मराठीत कळसा, वळसा आहेत, पण ते कुणीही करील. इंग्रजी शब्द पाहिजे.
संकल्प: रोज पहाटे पाच ते सहा डिक्शनरी. रोज पाच शब्द. साखरपुड्यापर्यंत दीडशेच्या वर होतात. त्यातला एक उत्तम निघाला तरी पुरे.

१३ जानेवारी
थंडी फार. संकल्प सोमवारपासून. डायरीप्रमाणे सोमवार १९ तारखेला आहे.

१९ जानेवारी
ऑफिसला मित्र म्हणाले आज बुधवार. असो. सुरुवात झाली हे महत्त्वाचं.
यमक शब्दाच्या शेवटी असतं, म्हणून डिक्शनरी शेवटून उघडली. झेड. 'झेब्रा' सापडला. शेवटी 'सा' नाही, 'रा' आहे, तरी ठेवून घेतला. दारात आलेला माल लगेच परत पाठवू नये. स्टोअर्समध्ये रॅकवर प्रत्येक वस्तूपाशी बिन कार्ड लावतो, तशी शब्दांची कार्डं केली. कार्ड नंबर एक: झेब्रा. शेरा: पर्यायी.
झेडची चार पानं झाली. डोळे दुखायला लागले.

२२ जानेवारी
बन्सीला विचारलं. बन्सी आमच्याकडे फोर्कलिफ्ट चालवतो, टीव्ही भरपूर बघतो. नाव तोंडाने सांगितलं नाही, चिठ्ठीवर लिहून दिलं. त्याने ते मोठ्याने वाचलं. सगळं स्टोअर्स ऐकत होतं. मी चिठ्ठी परत घेतली.
म्हणाला, "साहेब, सालसा! टीव्हीवर जोडीजोडीनं नाचतेत बघा, त्यो." कार्ड केलं आणि लगेच रद्द केलं. व्याह्यांसमोर नाचाचा विषय नको.
वर म्हणाला, "क्या साहेब, एवढं कशापायी? 'म्हाळसा इज द बेस्ट' म्हना अन् खाली बसा." ज्याने कधी कविता केली नाही तो असंच बोलणार.

२६ जानेवारी
झेंडावंदन करून घरी. लेकीने बिन कार्डं पाहिली आणि खूप हसली. मग बसल्या जागी म्हणाली, "पप्पा, व्हिसा! नो पासपोर्ट, नो व्हिसा, माय होल वर्ल्ड इज म्हाळसा."
जुळतंय. नाकारलं. व्याह्यांना कळेल की आमच्याकडे पासपोर्ट नाही. आमच्याकडे पासपोर्ट नाहीच, पण ते त्यांना का कळावं?
लेक म्हणाली, "आईला लई आवडंल पप्पा." प्रश्न आवडीचा नाही, दर्जाचा आहे.

३० जानेवारी
स्टॉक टेकिंगमुळे आठवडाभर डिक्शनरीला हात नाही. आज पाचचा गजर वाजला. ही उठली, मी नाही. सातला बघतो तर डिक्शनरीपाशी चहा ठेवलेला, वर बशी झाकलेली. गार झाला होता. माझ्या अभ्यासाची तिला एवढी काळजी असेल असं वाटलं नव्हतं. उद्यापासून नक्की पाच.

३१ जानेवारी
सव्वासात.

४ फेब्रुवारी
आता कार्डं अकरा. डिक्शनरीतले झेब्रा, योगा, इकडून तिकडून ऐकलेले व्हिला, मलेरिया वगैरे. मलेरिया चालीत बसतो, पण मंगल प्रसंगी नको.
निष्कर्ष: म्हाळसाला जुळेल असा दर्जेदार शब्द इंग्रजांनी केलेला नाही. दोष भाषेचा आहे. मी माझ्याकडून डब्ल्यूपर्यंत गेलो.

५ फेब्रुवारी, सकाळ
अंघोळ करताना मार्ग सापडला. स्टोअर्समध्ये एखादा पार्ट मिळत नसेल तर आम्ही लाइन थांबवत नाही, बदली पार्ट देतो. म्हाळसा म्हणजे कोण? बायको. बायकोला इंग्रजीत वाइफ. आणि वाइफला लाइफ, नाइफ, स्ट्राइफ! महिनाभर अडलेलं काम एका मिनिटात झालं. कवितासुद्धा टॉवेल गुंडाळूनच पूर्ण केली:

काइंडली फाइंड हियरविथ माय वाइफ,
शी इज द क्रिटिकल स्पेअर ऑफ माय लाइफ.

क्रिटिकल स्पेअर म्हणजे जो नसला तर अख्खी लाइन बंद पडते. तो आम्ही कुलपात ठेवतो. याहून मोठा मान मला तरी माहीत नाही. काकासाहेबांचं गोल्ड याच्यापुढे काहीच नाही.

१० फेब्रुवारी
गच्चीवर सराव केला. 'क्रिटिकल'वर जोर द्यायचा, नंतर एक श्वास.
खाली अंगणात ही शेजारच्या सुगंधाबाईला सांगत होती, "ऐतवारी आमचे हे माझं नाव घेनार हायेत. तुमी म्होरंच बसा, म्हंजी नीट ऐकू यील." ट्रंकेतली लग्नातली पैठणी बाहेर काढून उन्हात टाकली आहे. तिला घरच्यांचा अभिमान वाटू लागलाय हे बघून बरं वाटलं.

१३ फेब्रुवारी, संध्याकाळी ७
साखरपुडा उत्तम पार पडला. पुंडलिकनगरचा हॉल भरला होता. अंगठ्या झाल्या, पेढे झाले आणि बायकांनी माझं नाव पुकारलं. ही पैठणीत पहिल्या रांगेत, शेजारी सुगंधाबाई. मी उठलो. दोन्ही ओळी एका दमात, कुठे अडखळलो नाही. 'क्रिटिकल'वर जोर दिला.
काकासाहेब उठून आले, हात हातात घेतला आणि म्हणाले, "व्हेरी गुड, मुंजाबाराव!" इंग्रजीच्या मास्तरने. टाळ्याही झाल्या. जरा उशिरा झाल्या, लोक आणखी एका ओळीची वाट बघत असावेत. सुगंधाबाई म्हणाल्या, "अन् नाव?" त्यांना इंग्रजी येत नाही.
मग हिला आग्रह झाला. कागद नाही, तयारी नाही. उभी राहिली आणि म्हणाली, "पैठणीच्या पदराला जर लावली बारीक, मुंजाबारावांचं नाव घेते, आज तेरा तारीख." बारीक आणि तारीख. यमक कच्चं आहे. टाळ्या मात्र माझ्यापेक्षा जास्त. माझ्याकडे न बघता खाली बसली.
येताना रिक्षात डोळे मिटून बसली. दमली असणार. आल्या आल्या पैठणी घडी घालून ट्रंकेत ठेवून दिली.

त्याच दिवशी, साडेसात
आत्ता लेक येऊन गेली. दारातूनच म्हणाली, "पप्पा, तुमी नाव घेतलंच नाय."
खिशातला कागद काढून वाचला. दोनदा वाचला. दोन ओळी आहेत. वाइफ आहे, लाइफ आहे.
नाव नाही.

१४ फेब्रुवारी, सकाळ
पाचला जाग आली. गजर न लावता. डिक्शनरी उघडली नाही. आत भाकरी थापल्याचा आवाज येत होता. बराच वेळ पलंगावर बसून राहिलो. चोवीस वर्षं, आणि काल तिने सुगंधाबाईंना पुढे बसवून ठेवलं होतं. लाज वाटली.
उठून स्वयंपाकघराच्या दारात गेलो. तिची पाठ माझ्याकडे होती. इंग्रजी नाही, यमक नाही, ऐकायला कोणी नाही. घसा साफ केला. तरी आवाज भलताच बारीक निघाला, माझा मलाच ओळखू आला नाही. पण म्हणालो.
"म्हाळसा."
तिने भाकरी तशीच तव्यावर टाकली आणि पिठाच्या हातांनी लगबगीने उठली. चेहरा एकदम उजळलेला. माझ्या बाजूने निघून थेट बाहेरच्या दाराशी गेली. कडी काढली, रस्त्यावर दोन्हीकडे बघितलं. तिला या नावाने हाक मारतात ती फक्त तिच्या माहेरची माणसं.
मागे वळून मला विचारलं, "माहेराहून कोन आलंय?"
मी म्हणालो, कोणी नाही.