रेघ मी आखली

सानगडी,
१२ ऑक्टोबर १९८६

प्रिय जागेश्वर,

तुझं पत्र परवा मिळालं. बँकेत बढती मिळाली, वाचून बरं वाटलं. इकडे हलका, लवकर पिकणारा धान कापणीला आला आहे. आपलं शेत करणारा तेजराम दोन दिवसांत माणसं लावतो म्हणाला.

तू लिहिलंस, बाबा गेले आणि घरातलं शेअरचं डोकं गेलं. ते वाक्य मी दोनदा वाचलं. तू नागपूरला शिकायला गेलास तेव्हा तुझे बाबा शाळेत शिकवून आले की पेपरातले शेअरचे बंद भाव आलेखाच्या वहीत टिंबांनी मांडत. मी चहा घेऊन मागे उभी राहून बघायची. पुढे त्यांना काचबिंदू झाला, बारीक चौकटी दिसेनात. कुणाला सांगू नको म्हणाले. तेव्हापासून पेपर मी वाचला, टिंबं मी दिली. वर्षभर ते सांगतील तसं केलं. मग माझं मलाच दिसायला लागलं. भाव पडतो, एका तळाला थांबतो, पुन्हा उठतो. प्रत्येक तळ आधीच्या तळाहून वर आहे तोवर धीर धरायचा. ते तळ जोडणारी रेघ भावाने खाली तोडली, की निघायचं.

चौऱ्याऐंशीच्या उन्हाळ्यात एका सिमेंट कंपनीची रेघ अशी तुटली. शाळेतले अर्धे मास्तर तो शेअर धरून होते, दलाल अजून घ्या म्हणत होता. मी म्हटलं, आपले विका. बाबा चिडले. "सारेच घेऊन राहिले, अन् तू विक म्हणतेस? कायले?" मी त्यांचं बोट धरून कागदावर ठेवलं. पेन्सिल दाबून ओढलेली रेघ बोटाला लागली, आणि ती ओलांडून खाली गेलेली टिंबंही. त्यांनी बोट त्या रेघेवरून पुन्हा एकदा फिरवलं. मग म्हणाले, "लिव्ह दलालले." पत्र मी लिहिलं, सही त्यांनी केली.

दिवाळीपर्यंत तो भाव निम्म्यावर आला. हेडमास्तर घरी येऊन म्हणाले, "लक्ष्मणराव, तुमची नजर लय तेज आहे." बाबा हसले. मी पोहे वाढत होते. त्यांनी माझं नाव घेतलं नाही, मीही बोलले नाही. माणूस गेला तरी त्या दिवसाचा माझा राग अजून आहे, आणि तो लपवावा असं मला वाटत नाही. साखर कारखान्याचा शेअर मात्र मी घाईने विकला, पुढे तो चढतच गेला. ती चूकही माझीच. वहीत त्या शेअरच्या पानावर लाल शाईने तसं लिहिलं आहे.

शेअर तुझ्या नावावर करायला तू पाठवलेल्या ट्रान्सफर फॉर्मांवर मी सही केलेली नाही. कोरेच परत पाठवते आहे. "आई, तुले त्यातलं काय समजते," असं तू विचारलंस, म्हणून हे सगळं लिहिलं. बाबांच्या मागे शेअर माझ्या नावावर झाले आहेत आणि राहतील. कोणता ठेवायचा, कोणता काढायचा, ते मी ठरवीन. चुकले तर माझ्या हिशेबाने चुकेन. बाबांच्या म्हणून ज्या वह्या तू मागितल्यास, त्याही देणार नाही. दिवाळीला ये, माझ्यासमोर बसून वाच. अक्षर कुणाचं आहे ते तुला ओळखू येईल.

तुझीच,
आई