डावीकडचा सिग्नल

५ जानेवारी, सोमवार

आज पुन्हा मळमळ! दहा मिनिटंसुद्धा ते डोळ्यांवर बांधायचं हेडसेट टिकत नाही, आणि पगार घेते त्याच्याच चाचणीचा. घरी येऊन नुसती पडून राहिले. सानवी म्हणाली, "आई, तू खेळून खेळून दमलीस?" काय सांगणार हिला!

अलकापुरीतलं आमचं ऑफिस म्हणजे तीन खोल्या, चार टेबलं आणि कुशल. त्याच्या डोक्यातून निघालेला हा खेळ. हेडसेट घातलं की तुम्ही इंजिनात. प्रतापनगर ते डभोई, जुनी छोटी गाडी, आणि ड्रायव्हर तुम्ही. कल्पना चांगलीच आहे. पण लोकांच्या घरातल्या कॉम्प्युटरला ती झेपायला हवी ना! दोन डोळ्यांसाठी दोन वेगळी चित्रं, तीही सेकंदाला नव्वद वेळा. ही चित्रं काढणारं ग्राफिक्स कार्ड जरा अडखळलं की खेळणाऱ्याचं डोकं गरगरतं. वीस तारखेला अहमदाबादची पार्टी खेळ बघायला येणार, आणि त्याआधी कोणत्या कार्डावर हा चालेल ते मी लिहून द्यायचं. कुशलचं रोज तेच – "अस्मिताबेन, आजना कार्ड तैयार छे के नहीं?"

आजची कार्डं तयार आहेत की नाहीत, मला काय माहीत! मीच तयार नाही.

६ जानेवारी, मंगळवार

एक गोष्ट सुचली. बाबांना का नेऊ नये? सासरे म्हणून नाही, ड्रायव्हर म्हणून. सगळा जन्म त्या छोट्या गाडीवर गेला त्यांचा. त्यांना चालत्या इंजिनात मळमळलं नाही, खोट्या इंजिनात काय मळमळणार?

विचारलं तर पेपर खाली ठेवून म्हणाले, "कधी निघायचं?"

८ जानेवारी, गुरुवार

सकाळी सानवीला शाळेत सोडून बाबा स्कूटरवरूनच ऑफिसला आले. इस्त्रीचा शर्ट, खिशात रुमाल. हेडसेटला ते टोपडं म्हणतात. "बांध माझं टोपडं." ऑफिसभर हसू!

पण एकदा खुर्चीत बसले आणि हात पुढे गेले, तेव्हा हसणं थांबलं. हातात काही नसताना हात नेमके हँडलवर. केलनपूर स्टेशनच्या अलीकडे आपोआप वेग कमी केला. कुशल मला कोपराने ढोसत होता. आणि मग एक सिग्नल लाल असताना बाबा सरळ पुढे!

टोपडं काढून म्हणाले, "तुझा डावीकडचा सिग्नल उशिरा येतो, अस्मिता. जवळ गेलं की एकदम उगवतो. असं कुठे असतं का?"

म्हणजे झालंच. कार्डाला वेळेवर चित्र भरता येत नाही, की वस्तू अशा ऐन वेळी टपकतात. माझ्या समोरच्या स्क्रीनवर तो वेळेवर दिसतो, पण तिथे एकच चित्र, फारसा ताण नाही. कुशलला विचारण्यात अर्थ नाही. तो सिग्नल बघतच नाही, हॉर्न वाजवत सुटतो. आणि मी केलनपूरपर्यंत पोचतच नाही!

जुनं कार्ड बाद.

१० जानेवारी, शनिवार

मधल्या किमतीचं कार्ड लावलं. झाडं कमी केली, सावल्या काढल्या, ढग काढले. बाबा पुन्हा सिग्नल चुकले. पुन्हा डावीकडचाच. चिडले माझ्यावर – "आम्हाला एक सिग्नल चुकला तर घरी बसवायचे!"

घरी चहाला बसल्यावर आपणहून जयवंतरावांची गोष्ट काढली. बाबांच्याबरोबरचे ड्रायव्हर. रेल्वेच्या डॉक्टरकडे डोळे तपासायला गेले ते परत इंजिनावर चढलेच नाहीत. ऑफिसात टेबलावर बसवलं. "जयवंताचं मेडिकल झालं", एवढंच सगळे हळू आवाजात म्हणायचे, जणू घरात कोणी गेलंय. त्या तपासणीच्या आधी हे सगळे पैलवान महिनाभर गाजरं खायचे आणि भिंतीवरच्या तक्त्यातली अक्षरं पाठ करायचे! मला हसू आलं. बाबा हसले नाहीत.

रिटायर होऊन इतकी वर्षं झाली, पण अजून डोळ्यांच्या डॉक्टरचं नाव काढू देत नाहीत. पोटचा मुलगा, पण केयूरही सांगून दमला. चष्मा घडियाळी पोळेच्या गल्लीतल्या दुकानातून, तयार. घातला, पेपर वाचता आला, झालं.

१२ जानेवारी, सोमवार

केयूरची रिफायनरीत रात्रपाळी. तो झोपायला आला की मी निघते. बोलणं फक्त फ्रिजमध्ये काय आहे एवढ्यापुरतं. कंटाळा आलाय. कशाचा ते नीट सांगताही येत नाही.

बाबांनी उत्तरायणाच्या, म्हणजे संक्रांतीच्या, पतंगांमुळे स्कूटरला पुढे तारेची कमान बसवून आणली. मांजा आडवा आला तर सानवीच्या गळ्याला लागू नये म्हणून. ती पुढे उभी राहते ना. कमान दोनदा हलवून बघितली, मग मला हलवून बघायला लावली. स्कूटरला डावीकडे नवा ओरखडा दिसला. विचारलं तर म्हणाले, सोसायटीतल्या पोरांनी सायकल घासली असेल. या पोरांना कोणी बोलत कसं नाही!

१४ जानेवारी, बुधवार

उत्तरायण. गच्चीवर आमचं सगळं प्रतापनगर. ऊंधियू, जलेबी, कानठळ्या बसवणारी गाणी. सानवी ओरडत होती, "आजोबा, डाव्या बाजूने पेच लागतोय, डाव्या!" आणि पतंग गेला. रुसली. बाबा म्हणाले, उन्हाने डोळे दिपले.

खाली येताना जिन्यात मला विचारलं, "ते सगळ्यात भारी कार्ड कधी येणार?" पोराटोरांसारखी ओढ लागलीय. बरं वाटलं. सासूबाई गेल्यापासून कशातच त्यांचं मन नव्हतं.

१७ जानेवारी, शनिवार

भारी कार्ड उद्या येतं, परवा येतं. कुशल माझ्यावर तापलेला. "लोको पासे आवुं कार्ड क्यांथी होय?" बरोबरच आहे त्याचं. एवढं महागडं कार्ड कोण घरी घेऊन बसलंय! पण मी खोटं लिहून देणार नाही. बाबांसारख्या माणसाला सिग्नल दिसत नसेल तर खेळ तयार नाही. झालं.

बाबांनी आजही विचारलं, "आलं का?"

१९ जानेवारी, सोमवार

आजचं सगळं क्रमाने लिहिते.

कार्ड आलं. सकाळी लावलं, त्याबरोबरचं नवं सॉफ्टवेअर टाकलं. उद्या पार्टी येणार, घाई नुसती. बाबा सानवीला सोडून आलेच होते. टोपडं बांधलं. पार थुवावी स्टेशनपर्यंत गेले. मी मनात देवाचं नाव घेत उभी.

काढलं आणि मान हलवली. "तसंच आहे गं. काही फरक नाही." चेहरा इतका उतरला होता की मलाच वाईट वाटलं.

मी कुशलला म्हटलं, लिहून देते, आजची कार्डं तयार नाहीत, भारीतलं भारीसुद्धा. तो भडकला. बाबांच्या हातातून हेडसेट घेतलं, स्वतः घातलं. आणि लगेच ओरडला – "अरे! डाबी आंख तो बंध छे!"

मी बघितलं. डाव्या डोळ्याचा पडदा काळा ठिक्कर. नव्या सॉफ्टवेअरने काहीतरी घोळ घातलेला, तो पडदा चालूच झाला नव्हता. काकांना कळलंच नाही म्हणून कुशल हसायला लागला, "काकाने खबरज ना पडी!" आणि हसता हसता एकदम बाबांकडे वळला.

अर्धी गाडी अंधारात होती, आणि बाबा म्हणाले होते, काही फरक नाही.

कार्ड नाही. सावल्या नाहीत, झाडं नाहीत. पहिल्या दिवसापासून चूक कार्डाची नव्हतीच! ओरखडा. पतंग. सगळं माझ्या डोळ्यांसमोर होतं, आणि मी ढग काढत बसले.

बाबा रुमालाची घडी घालत होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, "सानवी सुटायची वेळ झाली." आणि जिना उतरले. मला हाक मारता आली नाही. काय म्हणून मारणार? बाबा, थांबा, तुम्हाला दिसत नाही? रिक्षा मिळेपर्यंत स्कूटर निघून गेलेली. सगळ्या रस्ताभर मी डावीकडे बघत होते. डावीकडून बस येत होत्या, गाई येत होत्या, सगळं गाव डावीकडूनच येत होतं.

शाळेच्या वळणावर दिसले. स्कूटर बंद. हँडल दोन्ही हातांनी धरून कडेकडेने ढकलत चालले होते, आणि सानवी मागे सीटवर बसून पाय हलवत होती. "आई, आजोबा म्हणाले पेट्रोल संपलं!"

टाकी निम्मी भरलेली आहे. मी घरी येऊन पाहिली.

२० जानेवारी, मंगळवार

सकाळी बाबांनी किल्ली माझ्या हातात दिली. "आजपासून सानवीला तू सोड. माझं मेडिकल झालं." मी म्हटलं, बाबा, संध्याकाळी डॉक्टरकडे जाऊ. हो म्हणाले. दारापर्यंत जाऊन परत वळले.

"मलाही वाटत होतं गं, कार्डच असेल."