गुरुवारचा पेंढा

प्रिय आई,

पेंढा जमला. आधी हेच सांगते, कारण पत्र उघडल्या उघडल्या तुम्ही तेच शोधणार. या खेपेच्या मशरूमच्या सगळ्या पिशव्या पांढऱ्याशुभ्र झाल्यात, हिरवा ठिपका औषधालाही नाही. आपण दोघींनी मोरीत उपड्या बादल्यांवर बसून भरलेल्या त्या पहिल्या पिशव्या आठवतात ना? थोड्याच दिवसांत हिरव्यागार झाल्या, आणि वास असा सुटला की वरच्या मजल्यावरच्या काकू दार वाजवून विचारायला आल्या, काही मेलंय का हो तुमच्याकडे? तुम्ही चेहरा सरळ ठेवून म्हणालात, हो, आमची हौस. मी आत पळाले आणि ओढणी तोंडात कोंबून हसले.

दुसऱ्या खेपेला आपलं भांडण झालं. जन्मभर इस्पितळात ऑपरेशनची हत्यारं उकळलेली बाई तुम्ही. तुमचं एकच, खळखळून उकळ, त्याशिवाय जंतू मरत नाहीत. मी ऐकलं आणि पेंढा पहिल्यापेक्षा लवकर हिरवा पडला. मग मशरूमचं बियाणं विकणाऱ्याला विचारून आले. तो म्हणाला, पेंढ्यात चांगले जंतूही असतात, ते राहिले तर वाइटाला शिरकाव मिळत नाही. उकळलं की सगळेच मरतात आणि रिकाम्या घरात पहिली बुरशी घुसते. म्हणून पाणी पासष्ट ते सत्तर अंशांवर ठेवायचं, तासभर तरी, वर नाही आणि खाली नाही. तुम्ही नाक मुरडलंत. अर्धवट काम मला पटत नाही म्हणालात, पण थर्मामीटर हातात घेऊन पिंपापाशी अशा ठाण मांडून बसलात की मला गॅसच्या बटणाला हात लावू देईनात.

तुमचं घर सोडून या दोन खोल्यांत मी राहायला आले तेव्हाही पहिल्या गुरुवारी तुम्हीच आलात, काखेत कुकर घेऊन. मी काम करते ते चष्म्याचं दुकान गुरुवारी बंद असतं, हे तुमच्या बरोबर लक्षात होतं. घरभर नजर फिरवलीत आणि म्हणालात, इथे काहीतरी वाढायला हवं, नुसत्या भिंती बघून माणूस खुळावतं. पुढच्या गुरुवारी बियाण्याची पुडी तुम्हीच आणलीत. मी काही विचारलं नाही आणि तुमच्या मुलाचा विषय तुम्ही काढला नाहीत. आमच्या घटस्फोटाचा कागद हातात पडला त्या दिवशी मात्र मी म्हणाले, आता तुम्हाला आई कुठल्या तोंडाने म्हणू? तुम्ही ओला पेंढा मुठीत पिळून बघत होतात. वर न बघताच म्हणालात, कागद तुमच्या दोघांचा झाला, माझी सही कुठे घेतली त्यावर?

त्याने दुसरं लग्न केल्याचं कळलं तेव्हा मला वाटलं होतं तेवढं लागलं नाही. लागलं ते त्यानंतरच्या गुरुवारी. तुमचा फोन आला, आता येणं बरं दिसत नाही गं, नवी पोर घरात आलीय, तिला काय वाटेल. त्यानंतर तुम्ही माझा फोन उचलणंच सोडलंत. आपण काठीची दोन टोकं धरून पेंढ्याचं पोतं पिंपातून वर काढायचो, ते मी एकटीने काढायला गेले. पोतं निसटलं, मनगटावर गरम पाणी उडालं आणि मोरीभर पेंढा पसरला. तिथेच बसून रडले. मनगटासाठी नव्हे, त्याची आग तर नळाखाली धरल्यावर थांबली.

पण रडून पेंढा गोळा होत नाही. उठले. छताच्या कडीला दोर बांधला, पोत्याला गाठ मारली आणि दोर ओढून पोतं वर घेतलं. ते तसंच निथळत ठेवलं. थर्मामीटर धरायला कुणी नव्हतं, तो पिंपाच्या कानाला सुतळीने बांधला. पेंढा गार केला, मुठीत दाबून एखादाच थेंब गळतोय ना ते पाहिलं, मगच बियाणं मिसळलं. मशरूम उगवले तेव्हा कोपऱ्यावरच्या खानावळीत नेले. तिथल्या आचाऱ्याने ते हातात घेऊन उलटसुलट करून पाहिले आणि दर आठवड्याला आणाल का म्हणाला. आणीन म्हटलं. हे सगळं मुद्दाम लिहिते आहे. आई, मला एकटीला जमतं. पोतं उचलायला म्हणून मी तुम्हाला बोलावत नाहीये.

गेल्या गुरुवारी दारावरची बेल वाजली. दारात तिशीतली एक बाई, हातात पर्स घट्ट धरलेली. मी त्या घरातून आलेय, नवी सून, म्हणाली. मी आत बोलावलं, चहा टाकला. ती म्हणाली, आई दर गुरुवारी दुपारी केस विंचरतात, बाहेरच्या चपला घालतात आणि दाराजवळच्या खुर्चीत बसून राहतात. मग थोड्या वेळाने चपला काढून ठेवतात. विचारलं तर म्हणतात, पाय गार पडतात. शेवटी मी यांनाच विचारलं, तर यांनी तुमचा पत्ता दिला. माझ्यामुळे त्या थांबल्या असतील तर हे ओझं मला नको. मी तिला पिशव्या दाखवल्या. एक पिशवी उजेडात धरून ती पेंढ्यात पसरलेले मशरूमचे पांढरे धागे बघत राहिली. निघताना म्हणाली, मग तुम्ही थोरल्या, मी धाकटी. हसावं की नाही ते दोघींनाही कळेना, आणि मग दोघीही हसलो.

हे पत्र टपालाने आलेलं नाही, ते तिनेच तुमच्या हातात दिलंय. तुमचं वाचून होईपर्यंत ती उभी राहणार आहे, तसं आमचं ठरलंय. तिला काय वाटेल म्हणत होतात ना? समोरच आहे, विचारा. आज गुरुवार, म्हणजे चपला तुमच्या पायात असणारच. त्या आता काढू नका. ती तुम्हाला माझ्या दारापर्यंत आणून सोडेल आणि तिला वाटलं तर आतही येईल, मी बादली तिसरीही ठेवलीय. पाणी तापत ठेवते आहे. लवकर निघा.

तुमचीच,
थोरली