उजवीकडचं स्टिअरिंग

१४ सप्टेंबर
गॅरेज अखेर रिकामं. सुनंदाची गाडी बाहेर ड्राइव्हवेवर. सु. म्हणाली, स्नो पडला की काच तुम्ही खरवडायची. कबूल. लोखंडी चौकोनी पाइप आले. एकाहत्तराव्या वर्षी हॉट रॉडची चासी करायला निघालोय, नेपरव्हिलभर हसं होणार. होऊ दे.

रेवतीने सोळाव्या वर्षी अशीच गाडी मागितली होती. जुन्या ट्रकची बॉडी, खाली बापलेकीने बनवलेली फ्रेम. मी म्हणालो, आधी एसएटी, कॉलेजची प्रवेशपरीक्षा. पुढे ती वेल्डर झाली आणि मी इथल्या मराठी मंडळातल्या लोकांना 'मॅन्युफॅक्चरिंगमध्ये आहे' असं सांगत फिरलो. तिच्या कानावर गेलं. गाढव मी.

२१ सप्टें.
ड्रॉइंग पूर्ण. हातानेच, कागदावर. रेवतीला फोटो पाठवावा? नको.

२२ सप्टें.
पाठवला.

२४ सप्टें.
उत्तर! "हे वेल्ड कोण करणार?" मी लिहिलं, मीच, शिकतोय. तिचं, "प्लीज डोन्ट." पुढचा आडवा पाइप स्टिअरिंगच्या ब्रॅकेटसकट तीच तिच्या वेल्डिंग शॉपमध्ये बनवून पाठवणार. वाढदिवस आणि दिवाळी सोडून इतकं बोलणं कितीतरी वर्षांत नाही. सु. पोळ्या लाटत होती, तशाच हातांनी फोन घेतला. स्क्रीनभर पीठ.

५ ऑक्टो.
लांबीचे दोन्ही पाइप मांडून टॅक केले, म्हणजे नुसते वेल्डचे ठिपके. कर्ण मोजले, पाव इंचाचा फरक. तोडलं, परत लावलं. कंबर गेली. माझं वेल्डिंग म्हणजे शेणाचे गोळे, पोरगी खरं बोलली.

१२ ऑक्टो.
रेवतीकडून, ओहायोहून, खोकं आलं. काय हात आहे! करंजीला मुरड घालावी तशी वेल्डची एकसारखी ओळ. बराच वेळ नुसता बोट फिरवत बसलो. आणि हे काम मी लोकांपासून लपवलं.

मग बसवून बघितलं. स्टिअरिंगचा ब्रॅकेट उजवीकडे, पुण्यातल्या गाडीसारखा. इथे हवा डावीकडे. पाइप फिरवला तर मागची बाजू पुढे येते, बसत नाही.

१३ ऑक्टो.
तिला फोटो पाठवला. "ओह शूट. माय बॅड, बाबा. थँक्सगिव्हिंगला येते, तिथेच कापून फिक्स करते."

येते!! पाच वर्षं थँक्सगिव्हिंगच्या सणाला ती आली नव्हती. सु.ने तिच्या खोलीतल्या चादरी धुवायला काढल्यासुद्धा.

१५ ऑक्टो.
ड्रॉइंग पुन्हा बघितलं. चूक तिची नाही. पुण्याच्या कॉलेजात शिकलो तसं, डाव्या बाजूने जे दिसतं त्याचं चित्र कागदावर उजवीकडे काढलंय. इथे डावीकडचं डावीकडेच काढतात. ती इथल्या रीतीने वाचणार, बरोबरच वाचलं. चाळीस वर्षं इथे नोकरी केली, एकदाही हे चुकलो नाही. घरी निवांत बसलो आणि हात परस्पर पुण्याला गेला.

सु. म्हणते, "पोरगी घरी येतेय ना? मग तोंडाला कुलूप लावा." खरंय. तिची चूक नाही म्हटलं तर तिला येण्याचं कारण काय उरतं?

१९ ऑक्टो.
चार दिवस झाले, तिला अजून सांगितलेलं नाही. तिकडे ती शॉपमध्ये सगळ्यांना सांगत असेल, मी चुकले. आयुष्यभर तिला तुझंच चुकतं म्हणत आलो, आता ही आणखी एक चूक. आणि ही तर माझी.

२० ऑक्टो.
फोन केला. ड्रॉइंग माझं उलटं, तू बरोबर. ती म्हणाली, "बाबा, तू हे सांगायला फोन केलास?" हो म्हणालो. आणि लोकांना तुझं काम सांगायची लाज वाटली, तेही चुकलंच, असंही म्हणालो. पलीकडे कोणीतरी ग्राइंडर सुरू केला. "आय हॅव टू गो." ठेवला.

थँक्सगिव्हिंगचं विचारायचं होतं. परत फोन लावला नाही.

२ नोव्हें.
रेवतीचा मेसेज नाही. सु. माझ्याशी बेताचंच बोलते. तिचंही बरोबर आहे, खरेपणा माझा आणि शिक्षा तिला. फ्रेमला गंज धरू नये म्हणून तेलाचं फडकं फिरवलं.

१७ नोव्हें.
येत नाही असं ती म्हणालेली नाही. येते असंही नाही. ब्रॅकेट कापून डावीकडे घेणं अर्ध्या दिवसाचं काम, मलाही जमेल, वेडंवाकडं का होईना. तीनदा ग्राइंडर हातात घेतला, तीनदा ठेवला. मी तो कापला की तिला करायला इथे काहीच राहत नाही. मला गाडी नकोय, ती हवी आहे. थँक्सगिव्हिंगच्या गुरुवारपर्यंत अजून दहा दिवस आहेत.