भरावाच्या कडेची वस्ती

तांडा, पोहरादेवीजवळ
ता. ८ डिसेंबर १९५७

गं. भा. भुरीबाईस,
उदयसिंगचा आशीर्वाद वि. वि.

रेल्वेच्या भरावावर माती टाकताना ती ढासळून हेमला गेला, त्याले तीन महिने झाले. लहान भावाले मी खांदा दिला, पण अजून खरं वाटत नाही. बाबा नीट जेवत नाहीत. बाजेवर बसून रोज एकच इचारतात, सून आन् नात तिकडं काहून राह्यल्या? काम संपलं की त्या माळावर कोणी राहणार नाही, असं त्यांचं म्हणणं आहे. माझंही तेच. पौष लागायच्या आत बैलगाडी घेऊन येतो. सामान बांधून ठेव. तुझ्या हातच्या भाकरीची बाबा आता तारीफ करतात. तू होती तवा कधी केली नाही!

हिरीले पापा. माया आहे, राग मानू नये.
उदयसिंग

रेल्वे वस्ती, बाशीम
ता. १४ डिसेंबर १९५७

तीर्थरूप दादांस,
भुरीबाईचा पदर पसरून नमस्कार. पत्र जगदेव कारकून लिहून राह्यले, बोल माझे आहेत.

दादा, गाडी आणू नका. आमी आलो तवा इथं सात झोपड्या होत्या. आता शंभरावर चुली पेटतात. स्टेशनच्या भिंती छातीइतक्या आल्या. कामरगावचा लोहार बायकापोरं घेऊन आला, सरकीचं गोदाम बांधून राह्यले. लोक जाणार असते तर विहीर कायले खोदली असती? मी गँगवाल्यांच्या भाकरी थापते. हिरी टिनाच्या शाळेत जाते. या महिन्यात तीन बाळंतपणं माझ्या हातानं झाली.

खरं कारण दुसरंच आहे. माती ढासळली त्या दिवशी हिरीच्या बापाचं अंग दुखत होतं. आज जात नाही म्हणाले. घरी बसून काय करता म्हणून मीच कामावर पाठवलं. बाबांसमोर कोणत्या तोंडानं उभी राहू? हे त्यांना सांगू नका.

लेकरावानी मानता, तसंच मानावं.
भुरीबाई

तांडा
ता. १२ जानेवारी १९५८

गं. भा. भुरीबाईस आशीर्वाद.

तू नको म्हटलं तरी मी आलो, आन् रिकामी गाडी घेऊन परतलो. तू लोहाराच्या बायकोच्या बाळंतपणात अडकली होती. विहिरीवरच्या बाया मले म्हणाल्या, भुरीबाईले नेऊ नका, आमाले दुसरं कोणी नाही. मग कोणत्या तोंडानं नेऊ?

तुझी एक गोष्ट मी मोडली. बाबांना सगळं सांगितलं. तिसऱ्या दिवशी म्हणाले, हेमलाले लहानपणापासून मीच कामाले हाकललं, तिनं एक दिवस हाकललं तर तिचा काय गुन्हा?

जीव हलका कर. ओढ राहू दे.
उदयसिंग

रेल्वे वस्ती, बाशीम
ता. २० जानेवारी १९५९

तीर्थरूप दादांस नमस्कार.

तुमी बाबांना पहिली गाडी पाहाले इथं सोडून गेल्यावर चौथ्या दिवशी रुळावर खडीची गाडी आली. सारी वस्ती लोटली. पोरं इंजिनामागं धावली. बाबांनी इंजिनाकडं पाह्यलंच नाही. ते खाली वाकून भरावाची माती पाहत होते. शेवटचा डबा गेला तवा म्हणाले, हलली नाही. माझ्या पोरानं माती चांगली टाकली. मग माझ्या डोक्यावर हात ठेवला. सव्वा वर्षात मी पहिल्यांदा मोकळी रडली.

आता बाबा इथंच राहतो म्हणतात. झोपडीले आडोसा बांधून राह्यले. त्यांची घोंगडी आन् बाज पाठवून द्या.

आमच्यावरची माया आटू देऊ नका.
भुरीबाई