भगवानकाकाची खुर्ची चर्चकडं वळली

तीर्थरूप म्हणावं एवढी मोठी नाहीस, पण तीर्थाइतकीच दूर जाऊन बसलेल्या प्राचीताईले बंटीचा वाकून नमस्कार. तब्येत कशी, पुण्यात थंडी किती, हे सगळं इचारलं असं समज. (कागदावर लिहून राह्यलो, कारण तुह्या बाबाले, म्हंजे आमच्या भगवानकाकाले वाटते का फोन कोणीतरी ऐकते.)

पांढरकवड्यात सगळे खुशाल, काका सोडून. काका नगरसेवकासाठी उभा राह्यला, मतदान झालं अन् निकाल पुढं ढकलला, मशिना गोदामात कुलूपबंद. तवापासून काका गोदामापुढं खुर्ची टाकून बसते. मांजर आत गेली तरी कोणाची मांजर म्हणून इचारते. परवा बंदोबस्ताच्या पोलिसाचा डबा उघडून भाजी चाळून पाह्यली. काकूनं धाडलेला डबा मातर तसाच वापस येते.

आता गोदामापुढं आहे चर्च. तिथल्या खिडकीत एका रविवारी एक मेणबत्ती लागली, दुसऱ्या रविवारी दोन. काका म्हणे, "बंट्या, हा घनश्यामचा इशारा आहे." (घनश्याम म्हंजे काकाच्या इरोधात उभा होता थो.) म्या गंमत म्हणून म्हटलं, "तिसरी लागली का समजा काम झालं." अन् तिसऱ्या रविवारी लागली ना तिसरी. काका बिनचपलेचा चर्चमधी, मी मांगं.

आत मानीबाई झाडून राह्यलती. काकानं इचारलं, "ह्या कायच्या?"

"आगमनकाळ आहे जी, भगवानभाऊ. येशूच्या जन्माची वाट पाह्यतो, दर रविवारी एक वाढवतो."

"थो तर कवाचाच जन्मला."

"जन्मला ना. तरी दरसाल पाह्यतो. बसा, चहा घ्या."

काकानं पह्यला घोट मले पाजला, मी जिता राह्यलो तवा सोता पेला. बाहीर येऊन हळूच म्हणे, "निकाल माहीत असल्याबिगर माणूस एवढा निवांत बसतच नाही. या लोकायले आपलाबी माहीत असन."

तवापासून खुर्ची चर्चकडं, गोदामाकडं पाठ. थे पाहून घनश्यामनंबी आपली खुर्ची बाजूले आणून टाकली. दोघं एकमेकाकडं पाह्यत नाहीत, पण मानीबाईचा चहा संगंच पेतेत.

तुहा,
बंटी

ता. क. निकालाच्या दिवशी ये. काका पडला तर जवळ बसाले कोणी पाह्यजे, अन् आमच्या सगळ्यायवर त्याले संशय आहे. मह्यावर जास्त. तुह्यावर तेवढा नाही.

आणखी ता. क. मतदानाच्या दिवशी तू शाईच्या बोटाचा फोटो धाडला, "आत्ताच बूथमधून निघाली, परस्पर पुण्याले वापस चालली" म्हणून. काका थो येणाऱ्याजाणाऱ्याले दाखवते. बोटामांगं तुह्या पुण्यातल्या होस्टेलच्या मेसचा फळा दिसते, त्यावर लिहिलं आहे, आज पोहे. काकाले आजून दिसला नाही. तिकीट काढ.