खात्री देता येत नाही

सर, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आता तुमच्यावर रागवायचीही लाज वाटते. तरी आज कॉलेजातून आले, चपला काढल्या आणि स्वयंपाकाला न लागता हे लिहीत बसले. शक्यतेचं गणित शिकवून शिकवून दमलेय, असं म्हटलं तर तुम्ही हसाल. पण खरंच दमलेय.

आष्टीच्या कॉलेजात तुम्ही संख्याशास्त्र शिकवायला आलात, तेव्हा पुस्तकातली उदाहरणं सगळी पत्त्यांची. बावन्न पत्त्यांत राजे किती, असं तुम्ही विचारलंत आणि आम्ही मुलींनी माना खाली घातल्या. पत्ते म्हणजे पारावरचा जुगार. चांगल्या घरच्या पोरीला राजा माहीत असून चालत नव्हतं. पोरांना सगळं माहीत होतं, पण तेही गप्प. दुसऱ्या दिवशी तुम्ही रुमालात चिंचोके बांधून आणलेत, मधोमध फोडलेले, आम्ही खेळताना फाशांऐवजी पटावर टाकायचो तसले. पांढरी बाजू वर पडायची शक्यता किती? मी ताठ मानेनं म्हणाले, "निम्मी. बाजू दोनच हायेत की." "टाकून बघितलंस?" "न्हाई." "मग बस खाली. बघितल्याशिवाय बोलायचं नाही." सगळा वर्ग हसला. त्या रागात मी घरी अंगणात हात दुखेपर्यंत चिंचोके टाकत बसले. आई ओरडली, "कालेजात हेच शिकवत्यात व्हय गं?" आणि निम्मं काही येईना, पांढरी बाजू कमीच पडायची. मला हा विषय आवडायला लागला तो तिथून. मग तुम्ही आम्हाला एसटी स्टँडवर उभं केलंत, शिरूरची गाडी रोज किती उशिरा येते ते टिपायला. आडतीवर नेलंत, पोत्यात पोकळ सळई खुपसून काढलेल्या मूठभर ज्वारीवरून अख्ख्या पोत्याचा भाव कसा ठरतो ते बघायला.

त्याच वर्षी दिवाळीच्या आधी ऊसतोडीचा मुकादम आमच्या गावात जोड्या ठरवायला आला. तोडीला माणूस एकटा जात नाही, दोघं मिळून एक कोयता धरतात. आईची कंबर गेलेली, तिला वाकताच येत नव्हतं. अर्धा कोयता मुकादम घेत नाही, म्हणून अण्णांनी, माझ्या वडलांनी, तिच्या जागी मला न्यायचं ठरवलं. मी वर्गात दिसेनाशी झाले तसे तुम्ही त्याच उशिरा येणाऱ्या गाडीनं आमच्या घरी आलात.

तुम्ही बाजेवर बसलायत, अण्णा उंबऱ्यावर. मी दाराआड चहा घेऊन उभी. अण्णा म्हणतात, "सर, मला बाकीचं कळत न्हाई. एकच सांगा. शिकली तर पोरीला नोकरी लागंल का?"

नुसतं हो म्हणायचं होतं, सर. रेडिओ दिवसभर नव्या कंपन्या, नवे कारखाने असंच काहीबाही सांगत होता, त्यातलंच एखादं सांगून टाकायचं. तुम्ही मात्र चष्मा काढून पुसत बसलात.

"खात्री देता येत नाही. सरकारी भरती थांबलीय. शिकली तर शक्यता वाढेल."

"किती वाढंल?"

"ते मला माहीत नाही."

हातातली कपबशी तुमच्या अंगावर फेकावी असं वाटलं मला. माझं सगळं आयुष्य त्या एका शब्दावर अडलंय आणि तुम्ही चष्मा पुसताय! अण्णा उठले. तुम्हाला फाट्यापर्यंत सोडून आले, जेवले, झोपले. सकाळी मुकादमाला म्हणाले, "पोरगी न्हाई येत. पुतण्याला घेतो जोडीला." आई म्हणाली, "कावून वो? मास्तर तर न्हाईच म्हणला." अण्णा कोयत्याला धार लावायला बसले. मी नंतर कधी विचारलं नाही. एका उदाहरणावरून कारण ठरवू नये, हे तुमचंच शिकवणं.

नोकरी लागली, पण कशी, ते तुम्ही बघितलं नाहीत. कितीतरी वर्षं तासिका तत्त्वावर, जून आला की पुन्हा अर्ज, पुन्हा तेच हात जोडणं. केस पांढरे झाल्यावर एकदाची कायम झाले. माझ्याबरोबर शिकलेल्यांतल्या बऱ्याच जणींना तेही मिळालं नाही. म्हणजे तुमचं उत्तर बरोबरच होतं.

काल एक बाप कॉलेजात आला. मागं त्याची पोरगी, माझ्याच वर्गातली, हुशार. त्यानं टोपी काढून हातात धरली. "म्याडम, खरं सांगा. लागंल का हिला नोकरी? न्हाईतर औंदा तोडीला नेतो."

खरं काय ते मला तोंडपाठ आहे. पण अण्णा ते ऐकूनही थांबले, हा थांबेल याची खात्री मला कोण देणार? मी भ्याले, सर. म्हणाले, "लागेल की. नक्की लागेल." तो पाया पडायला वाकला, तेव्हा मला मागं सरकायचंही सुचलं नाही.

तुमच्या घरच्या पत्त्यावर आता कोण राहतं, मला माहीत नाही, आणि असतं माहीत तरी हे पत्र टाकलं नसतं. पोरगी आज तासाला आली होती, पहिल्याच बाकावर. मी पूर्ण तास फळ्याकडे तोंड करून शिकवलं.